न उचललेली घंटा

मित्रांनो, मी एक जुना आणि तापट टेलिफोन आहे. तापट आहे हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे कोणाचा गैरसमज नको. आपली कहाणी सांगणाऱ्या वस्तू बहुतेक वेळा फार गोड बोलतात. मोडकी खुर्ची काय, गंजलेली सायकल काय, शेवटी हात जोडून साऱ्या जगाला माफ करतात. मला ते आजवर जमलेले नाही. इतक्या वर्षांचा राग माझ्या पोटात साठला आहे, आणि तुम्ही ऐकायला बसलाच आहात तर तो बाहेर पडणार.

माझा जन्म दूरच्या एका कारखान्यात झाला. रंग करडा, अंगावर आकड्यांची बटणे आणि बाजूला एक छोटासा मीटर. माझ्यावरून कोणी फोन लावला, पलीकडच्याने उचलला, की मीटरचा आकडा पुढे सरकायचा. बाहेरून मला आलेला फोन तो मोजत नसे. माझ्या अंगाला चिकटलेला हा मीटरच पुढे माझ्यावर उलटला.

एकोणीसशे पंच्याण्णव साली मला खडकदऱ्याला आणले. पाटोदा आणि नांदूरघाट यांच्यामधल्या डोंगरात हे गाव आहे. इथपर्यंत खांब रोवत तार आणणे परवडत नाही असे ठरले, म्हणून मला हवेतून बोलायला शिकवले होते. मन्मथ आप्पांच्या किराणा दुकानाच्या पत्र्यावर एका नळीला अँटेना बांधली. शेजारी उन्हावर चालणारी निळी पाटी बसवली. आत एक बॅटरी आणि एक पेटी ठेवली. एवढे सगळे धडधाकट असेल तर मी बोलणार, नाहीतर मी आणि ठोकळा यांत फरक नाही.

दुकान एसटीच्या थांब्यापाशी होते. मन्मथ आप्पा कपाळाला विभूती लावून सकाळी सातला फळी उघडायचे. त्यांची बायको जगदेवी तराजू सांभाळायची. मी आलो त्या दिवशी तिने मलाही विभूतीचे तीन पट्टे ओढले. मला कपाळ नाही, तर तिने बटणांच्या वरची जागा कपाळ ठरवून टाकली. पांढरे कपडे घातलेले एक गृहस्थ गाडीतून आले, त्यांनी मला हार घातला आणि सांगितले की आजपासून खडकदरा जगाशी जोडले गेले. टाळ्या झाल्या. त्याच साली मुंबईत काही माणसे फोन खिशात घालून फिरू लागली होती. इथे अख्ख्या गावात मी एकटा, तरी माझी छाती फुगली होती हे कबूल करतो.

छाती फुगून काय होते? पुण्याला दोन मिनिटे बोलायचे तर रोजंदारीच्या माणसाची निम्मी मजुरी जायची. लोक यायचे, माझ्याकडे बघायचे, मीठ-मिरची घेऊन परत जायचे. जगदेवी मला रोज पुसायची. पहिले चार महिने मी देवासारखे काढले. देवाला निदान नैवेद्य तरी मिळतो.

मला खरे काम दिले ते ताराबाईने. ताराबाई मेंढपाळाच्या घरातली, साठीची, विधवा. तिचा एकुलता एक मुलगा परमेश्वर. दिवाळी झाली की तो आणि आणखी चार घरांचे गडी मेंढरे घेऊन गोदावरीच्या काठाला निघायचे ते थेट ज्येष्ठात परतायचे. आज या शेतात, दोन दिवसांनी पुढच्या. त्यांचा पत्ता त्यांनाच ठाऊक नसे. सात महिने घरच्यांनी नुसती काळजी करायची. त्या वर्षी मेंढरे निघायच्या आधी ताराबाई दुकानात आली, पदराने कपाळ पुसले आणि माझ्याकडे बोट दाखवून म्हणाली,

"मन्मथ, ह्यो वाजला अन् तू उचलला न्हाई, तर पैसं पडत्यात का?"

"न्हाई मावशी. न उचलल्याला कसलं पैसं?"

"मग उचलू नगंस."

"आँ? कावून?"

ताराबाई दुकानाच्या पायरीवर ऐसपैस बसली. "आमच्या कळपात म्होरल्या बकऱ्याच्या गळ्यात घंटी आसती. गडी निजल्यालं आसत्यात, कान घंटीकडं. घंटी वाजती तवर कुणी उठून बघत न्हाई. वाजती म्हंजी समदं जागच्या जागी हाय. तसंच करायचं. परमेश्वर दर गुरवारी चारच्या टायमाला रस्त्यावरल्या बूथवरनं फोन लावंल. चार घंट्या वाजू द्यायच्या अन् त्यानं ठिवायचा. आमाला कळलं, तो बरा हाय. तू न्हाई उचललास, त्येला कळलं घर बरं हाय. घरी काय वंगाळ झालं तरच उचल. त्याच्याकडं काय झालं तर त्यो चाराच्या म्होरं वाजीवत ऱ्हाईल."

मन्मथ आप्पांनी हातातले माप तसेच धरून ठेवले होते. "मावशी, तुमी शाळेत गेल्या आसत्या तर आज कलेक्टर आसता."

"मेंढरं कुणी राखली आसती मग?" असे म्हणून ती उठून गेली.

मित्रांनो, तो काळ माझ्या सुखाचा. गुरुवारी साडेतीन वाजले की पाच घरांच्या बायका पायरीवर येऊन बसायच्या. कोणी शेंगा सोलत, कोणी लेकरू पाजत. चारला मी वाजायचो. एक, दोन, तीन, चार. मोजताना सगळ्यांचे ओठ हलायचे. मी थांबलो की ताराबाई "चला" म्हणायची आणि सगळ्या हसत घरी जायच्या. एक पैसा न घालवता पाच घरांचे समाधान. परमेश्वर तिकडे बूथवाल्याने कुरकुर करू नये म्हणून त्याच्या भावाच्या टपरीवर एक चहा प्यायचा, तेवढाच खर्च.

दोन वर्षांत मन्मथ आप्पांनी फक्त एकदा मला मध्येच उचलले. परमेश्वरची बायको संगीता बाळंत झाली होती. पहिल्याच घंटेला रिसीव्हर कानाला लावून ते ओरडले, "परमेश्वरा, भिऊ नगंस, पोरगी झाली!" तिसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीतून परमेश्वर उतरला. फोन उचलला गेला की माणूस घरी येतो, हे साऱ्या गावाने पाहिले. पोरीचे नाव ईश्वरी ठेवले.

आता माझ्या रागाचे मूळ ऐका.

तिसऱ्या वर्षी, मेंढरे गोदाकाठी गेल्यावर, डिसेंबरात एक साहेब तपासणीला आले. त्यांचे नाव सुंदरराव. माणूस वाईट नव्हता. चहा घेतला, घाट चढून दमलो म्हणाले. मग त्यांनी माझा मीटर वाचला.

"अहो, वर्षात फक्त एकेचाळीस कॉल? फोन वापरत नाही का तुम्ही?"

इथे माझ्या मन्मथ आप्पांनी आयुष्यातली सर्वांत मोठी चूक केली. दुसऱ्या कोणी केली असती तर मी त्याला मूर्ख म्हटले असते. पण सरकारी वस्तू जपून वापरायची, तिला उगाच हात लावायचा नाही, हे ज्यांच्या अंगात मुरलेले आहे तीच माणसे ही चूक करणार. ते छाती पुढे काढून म्हणाले, "साहेब, लई जपतो आमी. दर गुरवारी वाजतो, पर हात बी लावत न्हाई. दोन वर्सांत येकदाच मधी उचलला. सरकारचं काय बी वाया जाऊ दिलं न्हाई."

सुंदररावांनी मान डोलावली आणि कागदावर लिहिले. काय लिहिले ते मला दिसत होते, कारण कागद माझ्यावरच टेकवला होता. "वापर नगण्य. गावकरी फोन उचलत नाहीत."

मी मुका नव्हतो हो! साठाहून जास्त गुरुवार, दरवर्षी दिवाळीपासून ज्येष्ठापर्यंत, मी घसा फोडून पाच घरांना निरोप दिला होता. तो निरोप घेणाऱ्यांकडे बोलायला पैसे नव्हते म्हणून त्यांनी घंटेलाच बोलके केले. या हुशारीचे खरे तर कौतुक व्हायला हवे होते. कागदावर तिचा झाला निष्काळजीपणा.

जानेवारीत दोन माणसे गाडी घेऊन आली. निळी पाटी, बॅटरी आणि पेटी त्यांनी काढून घेतली. म्हणाले, दुरुस्तीला नेतो. नंतर कळले की जिथे मीटर जोरात पळतो अशा एका मोठ्या गावात ते सामान बसवले. मला मात्र जागेवरच ठेवले. मन्मथ आप्पांनी विचारले, "मग ह्यो कावून ठिवला?" तर त्यातला एकजण हसून म्हणाला, "असू द्या की. गावात फोन आहे म्हणून तर दाखवायचंय."

मन्मथ आप्पा तीन वेळा एसटीने कार्यालयात गेले. तिन्ही वेळा एकच उत्तर मिळाले. खडकदऱ्याचा फोन चालू आहे, आमच्याकडे तशी नोंद आहे. ज्या माणसाच्या दुकानात मी मेलेला पडलो होतो, त्यालाच ते सांगत होते की मी जिवंत आहे. मला त्या नोंदवहीचा आजही संताप येतो.

तरी गावाला फार चिंता नव्हती. सगळ्यांनी सरळ विचार केला. इथे घंटा वाजत नाही, म्हणजे परमेश्वरलाही ती ऐकू येत नसणार. फोन लागत नाही म्हटल्यावर तो घाबरेल आणि दोन-चार दिवसांत येईल. आला नाही, तेव्हा मन्मथ आप्पा म्हणाले, "मेंढरं सोडून निगता येत न्हाई लगीच. येईल."

फाल्गुनात ताराबाई पाणी घेऊन येताना खडकावरून घसरली. खुब्याचे हाड मोडले. पाटोद्याला दाखवून आणले, पुढे मोठ्या दवाखान्यात न्या असे सांगितले. ती ऐकेना. "माज्या लेकाला येऊ द्या, मग कुटं न्यायचं ते न्या." अंगात ताप भरला. संगीताने बाजाराला जाणाऱ्या प्रत्येकाला सांगितले, एसटीच्या ड्रायव्हरला सांगितले, कोणी गोदाकाठी भेटला तर सांगा. पण रोज जागा बदलणाऱ्या माणसाला कुठे गाठणार? बोलावणार कोण? त्याला फोन नाही. तोच आम्हाला फोन करू शकत होता.

पहिला गुरुवार गेला. दुसऱ्या गुरुवारी ताराबाईने हट्टच धरला. चार माणसांनी तिला बाजेवर घालून दुकानापाशी आणले आणि बाज पायरीला लावून ठेवली. संगीता उशाशी बसली. ईश्वरी आजीच्या पांघरुणाशी खेळत होती. चार वाजले.

मित्रांनो, मी सगळा जोर लावला. पण बॅटरीशिवाय टेलिफोनचा जोर तो काय असणार? सव्वाचार झाले. ताराबाईने डोळे न उघडता विचारले, "वाजला का गं?"

"न्हाई, आत्याबाई."

ताराबाईच्या चेहऱ्यावर समाधान पसरले. "मग लागत न्हाई म्हणून निगाला आसंल त्यो. येतंय माजं लेकरू."

शनिवारी सकाळी ती गेली. पडल्यापासून अकराव्या दिवशी. अकरा दिवसांत गोदाकाठून माणूस दोन वेळा येऊन गेला असता.

ज्येष्ठात मेंढरे परतली. कळप माळावर थांबवून परमेश्वर आधी दुकानात आला. उन्हाने काळवंडलेला, पण खुशीत. त्याने माझ्या पाठीवर थाप मारली.

"आप्पा, फोन लई इमानी हाय तुमचा! येक गुरवार खाडा न्हाई. चार घंट्या मोजायचो, कुणी उचलायचं न्हाई. म्या बी निवांत. म्हणलं, घर सुकात हाय."

जगदेवीच्या हातातला तराजू खाली आला. मन्मथ आप्पांना आधी काही कळेचना.

"काय म्हणतुस? वाजत हुता?"

"मंग? दर गुरवारी! ह्या कानानं आयकलं."

"परमेश्वरा, पौषापासनं हितं येक बी घंटा वाजली न्हाई रं. सामानच काडून न्हेलंय."

परमेश्वरचे हसू मावळले. मग जगदेवी पुढे आली, तिने त्याचा हात धरला आणि आईचे सांगितले. तो पायरीवर बसला.  बोटांवर गुरुवार मोजू लागला.

घंटा त्याच्या कानात कशी वाजत होती ते सांगतो. फोन लावणाऱ्याला जी घंटा ऐकू येते ती माझी नसते. ती मधल्या केंद्रातले यंत्र वाजवते. गावाला फोन आहे असे दाखवायचे होते, म्हणून माझा नंबर त्यांनी बंद केला नव्हता. परमेश्वरने नंबर लावला की यंत्र इमानेइतबारे त्याच्या कानात घंटा वाजवायचे, आणि इकडे मी बधिर पडलेला. माझ्या नावाने कोणीतरी त्याला सांगत होते की तुझी आई सुखात आहे. मी जन्मात कोणाला खोटा निरोप दिला नव्हता. त्यांनी मला खोटारडा केले.

दुसऱ्या दिवशी मन्मथ आप्पांनी मला फळीवरून सोडवले. परमेश्वरने मला घोंगडीत गुंडाळून काखेत घेतले. दोघे एसटीने कार्यालयात पोचले आणि मला सुंदररावांच्या टेबलावर ठेवले. माझी वायर टेबलाखाली लोंबत होती.

सुंदररावांनी ओळखले. "खडकदरा ना? हे काय, फोन काढून आणलात? तक्रार असेल तर अर्ज द्या. नोंदीप्रमाणे तुमचा फोन चालू आहे."

परमेश्वर शांतपणे म्हणाला, "साहेब, आमच्या गावाला फोन लावा."

"आता?"

"लावा तर खरं."

सुंदररावांनी स्वतःच्या काळ्या फोनवरून माझा नंबर फिरवला, कानाला लावला आणि त्यांचा चेहरा खुलला. "हा बघा! वाजतोय की. उगाच तक्रारी करता तुम्ही लोक."

"कुटं वाजतोय साहेब?" परमेश्वरने माझ्यावर हात ठेवला. "फोन तर ह्यो हितं हाय."

खोलीतली सगळी माणसे माझ्याकडे वळली. मी गप्प. सुंदररावांच्या कानात घंटा चालूच होती. ती एवढी मोठी होती की शेजारच्या टेबलावरच्या कारकुनालाही ऐकू येत असावी. परमेश्वर ओठ हलवत मोजत होता.

"चार झाल्या," तो म्हणाला. "माजी आय बाजंवर पडून ह्या फोनापशी लेकाची वाट बगत हुती, तवा तिकडं मला आशाच चार आयकू आल्या. म्या च्या पिऊन मागारी गेलतो."

सुंदररावांनी रिसीव्हर खाली ठेवला. ते म्हणाले की सामान हलवण्याचा हुकूम वरून होता, त्यांच्या हातात काही नव्हते. खरे सांगतो, त्या क्षणी मला वाटले, परमेश्वरने मला उचलावे आणि या गृहस्थाच्या टाळक्यात घालावे. मी चांगला वजनदार आहे. पण परमेश्वरने मला पुन्हा घोंगडीत घेतले आणि तो निघाला. दारातून मन्मथ आप्पा एकदाच मागे वळले. "साहेब, आमी उचलत न्हाई आसं लिवलंत. आता तुमी तरी उचला की."

कार्तिकातल्या कपिलधारच्या यात्रेआधी माझे सामान परत आले. लाज वाटली म्हणून आले की कारकुनाने कोणाला सांगितले म्हणून, मला ठाऊक नाही. मी पुन्हा तीन-चार वर्षे वाजलो. पण गुरुवारचा तो रिवाज संपला. परमेश्वर आता पैसे टाकून बोलायचा आणि संगीता पहिल्याच घंटेला मला उचलायची. न उचललेल्या घंटेवर त्यांचा विश्वास उरला नाही, आणि तो फुकटचा निरोप गरिबांच्या हातून कायमचा गेला. पुढे मोबाइलचे मनोरे मोठ्या रस्त्यावर उभे राहिले. खडकदऱ्याला मध्ये डोंगर आडवा. सरकारी फलकावर मात्र गाव पुन्हा एकदा जोडले गेले आहे, असे मी ऐकतो.

मला जपून ठेवा, पुसून ठेवा, अशी विनंती मी करणार नाही. मला पुसून काय करता? मित्रांनो, तुमच्यातला कोणीतरी उद्या मोठा साहेब होईल. त्याच्यासमोर यादी येईल, आणि यादीतल्या प्रत्येक गावापुढे "सेवा सुरू" असे लिहिलेले असेल. सही करण्याआधी त्यातल्या सर्वांत लहान गावाचा नंबर लाव. घंटा ऐकू आली म्हणून खूश होऊ नकोस, ती तुझ्याच यंत्राची असते. पलीकडे माणूस बोलेपर्यंत कान हलवू नकोस. आणि कोणी बोललेच नाही, तर पेन खिशात घाल आणि त्या गावाची एसटी पकड.